तळ्यात सोडलेली थाळी

मांडवझरी, ता. समुद्रपूर
१८ नोव्हेंबर १९८४

चि. मंदा,

तुझं पत्र हातात घेतलं आणि कानात एक जुना आवाज आला. आमच्या तिसरीच्या वर्गाचा. तेव्हा शाळा तळ्याच्या पाळीवरच भरायची. तू सुटीत तुझ्या आईचं बोट धरून मामाच्या गावी यायचीस आणि मागच्या बाकावर बसून पाय हलवायचीस. मी विचारायचो, "तळ्या रे तळ्या, तुझ्या पोटात काय?" पोरं एका दमात म्हणायची, "ढगाचं लेकरू, चांदण्याची साय." ती 'साय' पलीकडच्या टेकडीला लागून परत यायची, जराशी उशिरा, जराशी ओली होऊन. मला वाटायचं, उत्तर पोरांनी नाही, तळ्यानंच दिलं. कविता माझीच जोडलेली होती. पुस्तकातल्या शंभर कविता पोरं विसरली असतील, ही नाही.

आता शाळा सडकेकडे गेली. मी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. पाळीवर चिंच तेवढी उरली आहे.

तू लिहितेस, आकाशात फिरणारा उपग्रह आमच्या तळ्याचे फोटो काढतो आणि ते हैदराबादेत तुझ्या टेबलावर येतात. हे वाचून मी दोनदा वर पाहिलं. तुझं काम मी आनंदानं करीन. पांढरी तामचिनीची थाळी घरात आहे, निळ्या काठाची. तुझी मामी गेल्यापासून ती एकटीच फडताळात उभी असते. तिच्या काठाला तीन भोकं पाडून दोर बांधला आणि दोराला हाताहातावर गाठी मारल्या. डोंगा शकुबाईचा. ही शकुबाई माझी विद्यार्थिनी, तुझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात तिचे शिंगाडे असतात, नवरा गेल्यापासून त्यावरच घर चालतं. तिला सांगितलं, तर म्हणाली, "गुरुजी, जेवाच्या थाळीले आंघोळ घालाले एवढ्या दूर नेता काय?" पण डोंगा देते म्हणाली. वल्हवणारही तीच.

तुझा,
रूपरावमामा

हैदराबाद
५ डिसेंबर १९८४

ती. मामा,

तुमची थाळी वाचून ऑफिसातले सगळे हसले, मग गप्प झाले, कारण असं माप देणारं दुसरं कोणी आमच्याकडे नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. या चित्रांत रंग आपल्या डोळ्यांचे नसतात. स्वच्छ, खोल पाणी काळं दिसतं. गढूळ झालं की फिकट निळं. वर शेवाळ किंवा वेल पसरले की लाल. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ऐंशी मीटरचा चौकोन, तेव्हा शाळा, चिंच, शकुबाई काही दिसत नाही. पण तळं दिसतं. माझ्याकडे त्र्याहत्तरपासूनची चित्रं आहेत. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते नखाएवढं झालं होतं. खरं ना?

मला शोधायचं आहे ते हे: इतक्या वर्षांत तळ्याचं पाणी बिघडत चाललं आहे का. चित्र सांगतं पाणी काळं, पण काळं म्हणजे किती हात खोल दिसतं, ते सांगत नाही. त्यासाठी जवळून पाहणारा माणूस लागतो. उपग्रह दर सोळा दिवसांनी सकाळी तुमच्यावरून जातो, तारखा सोबत पाठवते. त्या सकाळी थाळी सोडा. दिसेनाशी झाली की गाठी मोजून मला कळवा.

एक गोष्ट मात्र पाळा. थाळी तीच, जागा तीच आणि पाहणारा तोच. माणूस बदलला की माप बदलतं. दुसऱ्या कोणाला पाहू देऊ नका, तुम्हीच पाहा.

तुमची,
मंदा

मांडवझरी
२० डिसेंबर १९८५

चि. मंदा,

आकडे वेगळ्या कागदावर आहेत. या पत्रात आकड्यांमागची धास्ती लिहितो.

त्र्याहत्तरचं तुझं खरं होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही तळ्यातून चालत पलीकडे गेलो होतो, आणि मधोमध उभं राहून मी कविता म्हटली तर ती परत आली नाही. तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात थाळी साडेचार हात खाली जाईस्तोवर दिसायची, चांदण्याच्या सायीसारखी. या हिवाळ्यात तीन हातांवरच गेली. परवा तर अडीच. गाठी मी बोटांनी चाचपून मोजतो, तेव्हा मोजण्यात चूक नाही. तूच सांग, एका वर्षात पाण्याला एवढं काय झालं? हल्ली सकाळचं धुकंही तळ्यावरून उठता उठत नाही, दहा वाजले तरी असतंच. आणि कार्तिकी पौर्णिमेला मी पाळीवर बसलो होतो, तर टेकडीवर दोन चंद्र उगवले, एकमेकांना चिकटून. पाण्यातून असली वाफ निघत असेल, तर ते पाणी नीट नाही.

शकुबाईला दिसतं म्हणते. थाळी मला दिसेनाशी झाली की ती डोंग्यातून वाकते आणि म्हणते, "थे काय, गुरुजी, अजून दिसून राह्यली." तिला दिसणारच. शिंगाडे तिचे आहेत. तुझी अट मला आठवते, मी तिचं म्हणणं लिहून घेत नाही.

शिंगाड्याचे वेल यंदा दाट आहेत. मला वाटतं, तेच कुजून पाणी खराब करत असावेत. तळ्याला लागूनच गावाची पिण्याची विहीर आहे. मी हे सरपंच बबनरावांच्या कानावर घातलं आहे.

वर्तमानपत्र बंद केलं. हल्ली छपाई फार फिकी येते.

तुझा,
मामा

हैदराबाद
१४ जानेवारी १९८६

ती. मामा,

तिळगूळ पाकिटात राहिला नाही, म्हणून नुसतेच शब्द पाठवते. गोड मानून घ्या.

तुमच्या आकड्यांनी मला झोप लागत नाही. या हिवाळ्याची चारही चित्रं मी गेल्या वर्षाच्या शेजारी ठेवली, शहात्तरच्या, एकोणऐंशीच्या शेजारी ठेवली. तळं काळं आहे, मामा. पूर्वी होतं तेवढंच. पूर्वेच्या कोपऱ्यात लाल पट्टा आहे, ते शिंगाड्याचे वेल. तो दर वर्षी असतो आणि वाढलेला नाही. दोन हातांनी पाणी गढूळलं असतं तर चित्रात निळसर झाक यायलाच हवी होती.

आमचे साहेब म्हणतात, एक तर चित्र चूक, नाही तर थाळी चूक. मी कोणाला चूक म्हणू? थाळी तीच आहे ना? तामचिनी उडाली, गंज चढला, असं काही? घासता ना तिला?

आणि कृपा करून बबनरावांशी सध्या काही बोलू नका. मला आधी समजू द्या.

मंदा

मांडवझरी
२७ ऑगस्ट १९८६

चि. मंदा,

सात महिने मी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

थाळी मी राखेनं घासतो. ती चमकते. दोष तिचा नाही.

तुझं पत्र आलं तोवर उशीर झाला होता. उन्हाळ्यात गावात हगवण आली, तीन घरांत माणसं आडवी झाली. कुणी म्हणालं विहीर, कुणी म्हणालं शिळं वरण. मग ग्रामसभा भरली आणि बबनरावांनी मला उभं केलं. "गुरुजी, तुमी दीड वर्स झालं मोजून राह्यले. सांगा लोकायले." मी सांगितलं. साडेचार हातांवरून दोन. चाळीस वर्षं मी या गावाला पाढे शिकवले, माझ्या आकड्यावर कोण शंका घेणार?

तेव्हा शिंगाडे लावून झाले होते, म्हणून ठरलं ते असं. कोजागिरीनंतर पाणी निवळलं की मी सगळ्यांदेखत थाळी सोडायची. चार हात दिसली तर ठीक. नाही दिसली तर शकुबाईचे वेल उपटून काठावर टाकायचे आणि पुढं तळ्यात शिंगाडा लावायचा नाही. वेल उपटायचे ते नेमके फळ भरण्याच्या वेळी. म्हणजे तिचं वर्ष गेलं. आणि मंदा, तिची पुढची वर्षंही.

सभा सुटल्यावर ती माझ्यासमोर आली. ओरडली नाही. म्हणाली, "थाळी तुमची, अन् उपाशी मी राहू काय, गुरुजी?" मी म्हटलं, "अगं, पाणी सगळ्यांचं आहे." तर म्हणाली, "मले दिसत होती थाळी. दर खेपेले सांगतलं. तुमी माह्याकडं पाह्यलं बी नाई." तेव्हापासून तिचा डोंगा मला नाही. गुलाब म्हणून कोळ्याचा गडी आहे, त्याला सोबत घेतो. पण तो वल्हवताना बिडी ओढतो आणि पलीकडे तोंड करून बसतो, पाण्यात डोकावतसुद्धा नाही.

तू चित्रं पाहून सांगशील अशी आशा होती. पण दीड महिना आभाळ उघडलेलं नाही, ढगांमधून तुझ्या उपग्रहालाही काही दिसत नसेल. आता सगळं माझ्या डोळ्यांवर आलं आहे.

कंदिलाभोवती हल्ली सात रंगांचं कडं दिसतं. रॉकेलमध्ये भेसळ वाढली आहे. पूर्वी मला असं कडं दिसलं असतं तर त्यावर चार ओळी जोडल्या असत्या. आता भीती वाटते.

मामा

हैदराबाद
२० ऑक्टोबर १९८६

ती. मामा,

हे पत्र मिळाल्याबरोबर वाचा. तुम्हाला वाचता येत नसेल तर गुलाबकडून वाचून घ्या. हो, मी तसंच लिहिते आहे.

ढग गेल्यावर पहिलं चित्र काल आलं. तळं काळं आहे. स्वच्छ. लाल पट्टा तेवढाच, जागच्या जागी.

काल संध्याकाळी मी तुमची सगळी पत्रं टेबलावर ओळीनं मांडली, चित्रं मांडते तशी. पहिल्या पत्रातलं अक्षर फळ्यावरचं, सरळ, बारीक. शेवटच्या पत्रात अक्षर बोराएवढं झालंय आणि दुसऱ्या पानावर एका ओळीवर दुसरी ओळ चढली आहे. तुम्हाला ते कळलं नाही. मग मी तुमच्या तक्रारी वाचल्या. छपाई फिकी. धुकं उठत नाही. रॉकेल भेसळीचं. चंद्र दोन. पाणी गढूळ. मामा, एका वर्षात सगळ्या जगाचं एकदम कसं बिघडेल?

चूक माझी आहे. पाहणारा तोच हवा, असं मीच लिहिलं. माणूस तोच राहिला तरी त्याचा डोळा तोच राहील, हे मी गृहीत धरलं. शकुबाईला विचारू नका, असंही मीच सुचवलं.

एक करा. थाळी कोरड्या अंगणात ठेवा, भिंतीला टेकवून, भर दिवसा. चार हातांवर उभे राहा. निळा काठ दिसतो का पाहा. मग एक डोळा झाकून पाहा, मग दुसरा. मोतीबिंदू असेल तर सेवाग्रामच्या दवाखान्यात काढून देतात, घाबरण्यासारखं नाही.

पण ते नंतर. आधी सभा थांबवा.

मला रजा डिसेंबरशिवाय मिळत नाही. मी इथून काहीच करू शकत नाही, याचा फार त्रास होतोय.

मंदा

मांडवझरी
५ नोव्हेंबर १९८६

चि. मंदा,

ओळी वाकड्या असतील. खाली पट्टी धरून लिहितो आहे.

तुझं पत्र सभेच्या दोन दिवस आधी मिळालं. गुलाबला बोलावलं नाही. कागद दारात उन्हात धरून, नाकाशी नेऊन वाचला. शेवटपर्यंत वाचून झालं. मग थाळी घेतली.

अंगणात भिंतीला टेकवली. चार हात मोजून मागं आलो. निळा काठ नव्हता. पांढरं काहीतरी होतं, उन्हाचा कवडसा म्हणावा असं. डावा डोळा झाकला तर तो कवडसाही गेला. पाण्याचा थेंब नव्हता, मंदा, आणि थाळी बुडाली होती.

शेजारीण भिंतीवरून पाहत होती. म्हणाली, "गुरुजी, भिंतीले जेवाले वाढून राह्यले काय?"

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. गेल्या वर्षभरात धुकं म्हणून, चंद्र म्हणून मी जे जे सुंदर पाहिलं, ते सगळं डोळ्यातलं होतं. आणि जे भयंकर सांगितलं, तेही. मला डोळे जाण्याची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. आता मी खरं सांगितलं तर गाव मानेल का? दीड वर्षं एक आकडा सांगणारा मास्तर, ऐनवेळी म्हणतो माझाच डोळा फुटका.

मागल्या आठवड्यात सोमवारी सगळे पाळीवर जमले. बबनराव, पंच, बायका, पोरं. वेल ओढायचे आकडे लावलेले लांब बांबू घेऊन चार गडी आधीच उभे होते. शकुबाई चिंचेखाली बसली होती, तोंड तळ्याकडे. मी म्हणालो, "मी थाळी सोडणार नाही. मला दिसत नाही. वर्षभर दिसत नव्हतं." कुणीतरी हसलं. बबनराव म्हणाले, "गुरुजी, भेव लागलं काय? का शकुबाईनं शिंगाडे खाऊ घातले?" मी म्हटलं, "बबन, तू चौथीत फळा लांबून वाचायचास, म्हणून तुला मी शेवटच्या बाकावर बसवत होतो. आज तू पाहा. तुझे डोळे शाबूत आहेत ना?" तुझं पत्रही पुढं केलं, की वरून पाहिलं तर पाणी स्वच्छ आहे. त्यांनी ते उलटं-सुलटं केलं, म्हणाले, "हैदराबादेतून आमचं तळं दिसते, अन् गुरुजीले पाळीवरून नाई." पण डोंग्यात बसले.

डोंगा तळ्याच्या मधोमध गेला. गुलाब दोर सोडत होता आणि गाठी मोठ्यानं म्हणत होता. एक. दोन. तीन. मला डोंगाही नीट दिसत नव्हता, नुसता काळा डाग, आणि मी कानांनी पाहत होतो. चार. मग बबनरावांचा आवाज पाण्यावरून आला, "अजून दिसून राह्यली बे. सोड."

साडेचार हातांवर ती गेली. मंदा, तो आवाज टेकडीला लागून परत आला. किती वर्षांनी ऐकला मी.

वेल वाचले. गडी बांबू घेऊन घरी गेले. विहिरीत यंदा पांढरी पावडर टाकायची ठरली, ते बरंच झालं. शकुबाई उठली, लुगडं झटकलं आणि माझ्या अंगावरून निघून गेली. बोलली नाही. तिनं का बोलावं? माझ्या एका आकड्यानं तिचा उन्हाळा, पावसाळा धाकात गेला. वाटेत लोक मला रामराम करतात, पण हळू करतात, आजारी माणसाला करतात तसा. ते मला चालेल. शकुबाई दिवाळीभर शिंगाड्याची टोपली घेऊन माझ्या दारावरून जात होती. गेल्या साली मूठभर शिंगाडे ओट्यावर ठेवल्याशिवाय ती पुढं जात नव्हती. यंदा पायांचा आवाज तेवढा थांबायचा. मग पुढं जायचा.

सेवाग्रामला उद्या यायला सांगितलं आहे. पोस्टमननं चौकशी करून दिली. सकाळची एस.टी. हिंगणघाटला, तिथून पुढं दुसरी. गुलाबला विचारलं, तर त्याचा कापूस वेचायचा आहे. डिसेंबरपर्यंत तुझी वाट पाहावी असं मनात येतं, पण डाव्या डोळ्यानं आता दाराची चौकटही दिसत नाही. एकटा गेलो तर कोणत्या गाडीवर कोणती पाटी आहे हे कोणाला विचारू? आणि समजा गेलो, पट्टी बांधली, आणि पट्टी सोडल्यावर काहीच दिसलं नाही तर? तू लिहितेस, घाबरण्यासारखं नाही. पण मीही वर्षभर खात्रीनंच सांगत होतो.

हे असं घाबरत घाबरत लिहितो आहे आणि दारावर कडी वाजते आहे. शेजारीण असेल, दूध घेऊन. थांब, पाहतो.

मंदा, शेजारीण नव्हती. दारात कोणीतरी उभं होतं, मागं ऊन, तोंड काळोखात. मी विचारलं, "कोण?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तर आवाज आला, "वळखलं नाई ना? तं मंग खरंच दिसत नाई तुमाले."

शकुबाई. कमरेला गरम शिंगाड्यांची पुरचुंडी, दुसऱ्या हातात पिशवी.

"मले वाटलं, वेल वाचवाले नाटक करून राह्यले तुमी," ती म्हणाली. "आता पटलं. सेवाग्रामचं पोस्टमननं सांगतलं मले." मग आत येऊन तिनं माझं धोतर, टॉवेल पिशवीत कोंबायला सुरुवात केली. मी म्हटलं, "अगं, उद्या जायचं आहे." म्हणाली, "उद्या पहिली गाडी भरून येते. आज हिंगणघाटले माह्या भावाकडं राहू, सकाळी तेथून जाऊ. मी डोंग्यात तुमाले एवढं फिरवलं, मोटरीत बसवता येत नाई काय मले?"

मी काही तरी बोलणार होतो. माफीचं. तिनं बोलू दिलं नाही. "थे वापस आल्यावर, माह्या तोंडाकडं पाहून बोलजा."

ती बाहेर उभी आहे, एस.टी. चुकेल म्हणते. हे पत्र ती रस्त्यात डब्यात टाकणार आहे. थाळी फडताळातून तिनंच काढली. दोर सोडला, गाठी तशाच ठेवून वेटोळं करून खुंटीला अडकवला आणि थाळी पिशवीत सगळ्यात वर ठेवली.

"दवाखान्यात जेवाले लागन," ती म्हणाली.

तुझा,
मामा